क्विटो जहाजातला मका

२० सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी एक छोटेसे भाषण केले. ११ सप्टेंबरच्या गाजलेल्या भाषणाइतके ते कोणाला आठवत नाही, पण ऐकणाऱ्याला झोंबेल असे तेच होते. हिंदुस्थानात धर्माची टंचाई नाही, टंचाई भाकरीची आहे. आमच्याकडे दुष्काळात हजारो माणसे मेली, तेव्हा तुम्ही ख्रिस्ती लोकांनी काय केले? जागोजाग चर्च तेवढी बांधलीत. भाषणाचा रोख असा होता.

याच परिषदेत अहमदनगरहून गेलेल्या एका अमेरिकन मिशनऱ्यानेही निबंध वाचला होता. त्यांचे नाव रॉबर्ट ॲलन ह्यूम. पुढच्या वर्षी, विवेकानंद डेट्रॉइटमध्ये मिशनऱ्यांवर टीका करत असताना, ह्यूमांनी त्यांना पत्र लिहिले आणि हा पत्रव्यवहार तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आला. ह्यूम स्वतः मुंबईत, भायखळ्याला जन्मलेले. त्यामुळे स्वामीजींना ते आपले देशबांधवच म्हणत. वाद काही मिटला नाही, मिटण्यासारखा नव्हताही. पण परिषदेनंतर सात वर्षांनी, १९०० साली, न्यूयॉर्कहून मक्याने भरलेले एक जहाज मुंबईला लागले, तेव्हा अमेरिकेतून आलेल्या या मदतीची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचे चिटणीस हेच ह्यूम होते.

ह्यूम म्हटले की आपल्याला काँग्रेसच्या स्थापनेचे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आठवतात. हे ते नव्हेत. नगरच्या ह्यूमसाहेबांची थोडीफार ओळख मराठी वाचकाला असलीच तर ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे. तीही रेव्हरंड टिळकांच्या गोष्टीतले एक साहेब एवढीच.

रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म १८४७ चा. वडील अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. १८५४ साली प्रकृती बिघडल्याने ते मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. आईने मुलांना घेऊन मॅसॅच्युसेट्स गाठले. रॉबर्टचे शिक्षण येलला झाले, मग अँडोव्हरला धर्मशास्त्राचे. १८७४ साली ते हिंदुस्थानात परतले आणि नगरला आले ते १९२६ पर्यंत तिथेच राहिले. मधल्या रजा सोडल्या तर एका माणसाने एका जिल्ह्याला दिलेली ही ५२ वर्षे आहेत.

मिशन नगरात १८३१ सालापासून होते. मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये निघाले ते नगरहूनच. नेवासे तालुक्यात वडाळा बहिरोबा येथे सॅम्युएल फेअरबँक यांनी १८५७ पासून बस्तान बसवले होते. त्यांच्याच मुलीशी, केटीशी, ह्यूम यांचा पुढे दुसरा विवाह झाला. पण १८७४ च्या ह्यूमांना या जिल्ह्याची खरी ओळख करून दिली ती मिशनने नव्हे, दुष्काळाने.

नगर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस कोसळतो आणि पारनेर, कर्जत, जामखेडला ढग नुसते पुढे सरकत जातात. इथल्या शेतकऱ्याला एक वर्ष कोरडे गेले तर कर्ज होते, दोन गेली तर बैल जातात, तिसऱ्या वर्षी माणूस गाव सोडतो. १८७६ साली पाऊस गेला तेव्हा ह्यूमांना येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. सरकारने दुष्काळी कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्गाचा भराव याच कामांवरच्या मजुरांच्या डोक्यावरून वाहिला गेला आणि १८७८ साली गाडी सुरू झाली. आज पुण्याहून मनमाडकडे जाणारा प्रवासी नगर स्टेशनवर चहा घेतो, तो दुष्काळी पाटीने घातलेल्या मातीवर उभा राहून घेतो.

त्याच दुष्काळात सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीतला धान्याचा हिस्सा दिवसाला एक पौंडावर आणला. अर्ध्या किलोहून थोडे कमी. त्यात दिवसभर खडी फोडायची. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे रानडे आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती गोळा करून याविरुद्ध अर्जामागून अर्ज केले. मजुरांनी कामे सोडली. हा एक पौंडाचा आकडा लक्षात ठेवावा. पुढे लागणार आहे.

त्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. बहुतेक जण महार आणि मांग समाजातले. भाकरीसाठी धर्म सोडला, ही टीका तेव्हापासूनची आहे. तिच्यात तथ्य होते तसेच ती करणाऱ्यांची सोयही होती. ज्या माणसाला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्याने दुष्काळात गावाकडून भाकरीची अपेक्षा ठेवायची तरी कशी, हा प्रश्न टीकाकार सहसा विचारत नसत. ह्यूम यांनी १८७८ मध्ये नगरला धर्मशिक्षणाची शाळा काढली, ती या नव्या मंडळ्यांना इथलेच पाळक मिळावेत म्हणून. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक पुढे याच शाळेत शिकवायला आले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ, त्याच्या पाठोपाठ प्लेग, आणि कंबर मोडलेली असतानाच १८९९ चा पाऊस दडला. गुजरातेत आणि राजपुतान्यात याला छप्पनियो म्हणतात, संवत १९५६ वरून. आधीच्या दुष्काळांत धान्य नव्हते, या वेळी चाराही नव्हता आणि पाणीही. माणसांच्या आधी जनावरे गेली. दावणी रिकाम्या झाल्या म्हणजे पाऊस पडला तरी नांगर ओढणार कोण, हे शेतकऱ्याला पहिल्या महिन्यातच कळून चुकते.

लॉर्ड कर्झनच्या सरकारने मदत केली नाही असे म्हणता येणार नाही. १९०० च्या जुलैत देशभर ६० लाखांहून जास्त माणसे सरकारी मदतीवर होती. पण मदतीला अटी होत्या. ठरलेले काम पुरे झाले नाही तर मजुरी कापली जाई. उपाशी माणसाकडून काम कमी होते, काम कमी म्हणून मजुरी कमी, मजुरी कमी म्हणून तो आणखी उपाशी. मुंबई इलाख्यातल्या या दंडाच्या मजुरीवर पुढे १९०१ च्या दुष्काळ आयोगालाच बोट ठेवावे लागले. शिवाय सरकारच्या दुष्काळ संहितेच्या चौकटीत न बसणारे लोक होतेच. नगर-भिंगारच्या विणकरांचे पाहा. दुष्काळात लुगडे कोण घेणार? माग बंद पडला की विणकर उपाशी, पण खडी फोडायची त्याच्या हाताला सवय नाही आणि एकदा हातांना घट्टे पडले की पुन्हा सुताचे नाजूक काम होत नाही.

आता अमेरिकेकडे वळू, कारण ही गोष्ट तिथल्या एका साप्ताहिकाशिवाय पुरी होत नाही. न्यूयॉर्कचे ‘ख्रिश्चन हेरल्ड’ चालवणारे लुई क्लॉप्श हे जर्मनीत जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले, हाडाचे प्रकाशक. येशूची वचने लाल शाईत छापलेले बायबल आज सगळीकडे दिसते, ती कल्पना यांची. १८९२ मध्ये रशियाच्या दुष्काळासाठी आणि १८९७ मध्ये हिंदुस्थानासाठी त्यांनी धान्य जमवले होते. १८९७ चे ‘सिटी ऑफ एव्हरेट’ नावाचे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून कलकत्त्याला गेले होते. १९०० मध्ये क्लॉप्श यांनी त्याहून मोठा घाट घातला. हाडांचे सापळे झालेल्या बायामाणसांची छायाचित्रे अंकामागून अंकात छापली. देणगीदारांची नावे छापली, पैशा-पैशाची पोच दिली. ही छायाचित्रे आज पाहताना अवघडायला होते. समोरच्या माणसाला न विचारता त्याची उपासमार मांडून दाखवली आहे. पण वर्गणी आली ती त्यांच्यामुळेच, हेही खरे. आजच्या मदत संस्थांची जाहिरात करण्याची जवळजवळ सगळी रीत क्लॉप्श यांच्या त्या अंकांत सापडते.

दोन लाख बुशेल मका जमला. अमेरिकन सरकारने जहाजाचे भाडे उचलले. ‘क्विटो’ हे जहाज १० मे १९०० रोजी न्यूयॉर्कहून निघाले आणि पावसाळ्यात मुंबईला लागले. शिवाय न्यूयॉर्कच्या बड्या व्यापाऱ्यांची शंभर जणांची एक समिती स्थापन झाली, विल्यम डॉज हे तिचे अध्यक्ष. तिने रोख पैसे पाठवले. हे सगळे हिंदुस्थानात उतरवून घेऊन वाटायचे कोणी, तर त्यासाठी निरनिराळ्या पंथांच्या मिशनऱ्यांची अमेरिकन-हिंदी दुष्काळ समिती मुंबईत नेमली गेली. मेथॉडिस्टांचे बिशप थोबर्न अध्यक्ष आणि ह्यूम कार्यकारी चिटणीस.

आता तो एक पौंड. मक्याचे बुशेल ५६ पौंडांचे. दोन लाख बुशेल म्हणजे १ कोटी १२ लाख पौंड, म्हणजेच ५,००० टन. टेंपलसाहेबांच्या त्या तुटपुंज्या मापाने, माणशी दिवसाला एक पौंड धरून, ६० लाख लोकांना हा सगळा मका पुरला असता तो दोन दिवससुद्धा नाही. अमेरिकेत वाजतगाजत निघालेल्या, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलेल्या जहाजाचा हा हिशेब आहे. परदेशी धान्याने हिंदुस्थान जगवला असे कोणी म्हणत असेल तर त्याने हा गुणाकार एकदा करून पाहावा.

मग ह्यूम यांच्या कामाचे मोल काय? माझ्या मते ते धान्याच्या राशीत नाही, वाटपात आहे. कधी आणि कोणाला, या दोन प्रश्नांत आहे.

पाऊस सुरू झाला म्हणजे दुष्काळ संपला असे शहरातल्या माणसाला वाटते. सरकारलाही तसेच वाटे; पाऊस पडला की कामे आटोपती घेण्याची घाई होई. खेड्यात मात्र सगळ्यात वाईट दिवस तेव्हाच सुरू होतात. आषाढात पेरणी, बाजरी हाताशी यायला भाद्रपद-आश्विन उजाडतो. ते तीन महिने खायचे काय, पेरायचे काय आणि बैल कुठून आणायचे? क्विटोचा मका आला तो नेमका या वेळी. आणि रोख पैशांतून बी-बियाणे, बैल, विहिरींची कामे, पोरक्या मुलांचा सांभाळ हे करता येत होते. सरकारी तगाई मिळायची ती जमीन असणाऱ्याला. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला तारण काय विचारणार?

दुसरे म्हणजे, मिशनकडे एक गोष्ट होती जी मामलेदाराच्या कचेरीकडे नव्हती: महारवाड्यांतल्या आणि मांगवाड्यांतल्या शाळा आणि तिथले मास्तर. वडाळा, राहुरी, पारनेर या ठाण्यांच्या भोवतीच्या गावांत कोणाच्या चुलीवर तवा चढला नाही हे अशा मास्तराला विचारावे लागत नसे, तो तिथेच राहत होता. इतिहासात नाव ह्यूमसाहेबांचे राहिले. या मास्तरांची, बायबल वाचणाऱ्या बायांची नावे इंग्रजी अहवालांत ‘नेटिव्ह मदतनीस’ या दोन शब्दांत उरकलेली असतात.

मका घरी आल्यावर काय होते तेही पाहिले पाहिजे. नगरची बाई ज्वारी-बाजरीला सरावलेली. अमेरिकेचा मका टणक, दाणा मोठा. जात्याला तो सहज दाद देत नाही. आधी भरडावा लागतो, मग पुन्हा दळावा लागतो. पीठ गरम पाण्यात मळले नाही तर भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे होतात. आणि महिनोन् महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाने मका अर्धाकच्चा खाल्ला तर हगवण लागते. दुष्काळात माणसे भुकेने मरतात तशीच हगवणीने आणि पटकीनेही मरतात. जहाज भरणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने आपल्या कणगीतले दिले होते. फार तर पेजेसारखे शिजवून घालायचे, हे इथल्या माणसालाच सुचणार.

पोरक्या मुलांचा प्रश्न सर्वांत नाजूक. आईबाप गेलेली किंवा आईबापांनीच सोडून दिलेली मुले मिशनांच्या आसऱ्याला आली. एकेका मुलाचा वर्षाचा खर्च एकेका अमेरिकन घराने उचलायचा, अशी योजना ‘ख्रिश्चन हेरल्ड’ने चालवली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात शेकडो मुली आल्या त्या याच काळात. राहुरीला टिळकांच्या घरीही दुष्काळी मुले राहिली. ओढगस्तीच्या संसारात त्यांचे खाणेपिणे लक्ष्मीबाईंनी कसे निभावले ते त्यांचे त्यांनाच माहीत. ही मुले ख्रिस्ती म्हणून वाढणार हे उघड होते, आणि त्यावर देशभर गदारोळ झाला. लाला लजपतराय यांनी हिंदू अनाथांना मिशनऱ्यांकडे जाऊ न देण्यासाठी उत्तरेत मोहीमच उघडली. हा आक्षेप मला हलका वाटत नाही. सहा वर्षांच्या भुकेल्या पोराला धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य असते असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. पण लजपतरायांनी आक्षेपाबरोबर अनाथालयेही काढली, हे महत्त्वाचे. आपल्याकडच्या अनेकांनी नुसता आक्षेप घेतला.

ह्यूम स्वतः मिशनऱ्यांतही थोडे वेगळे होते. ख्रिस्ताचे नाव कधी कानावरच न पडलेला माणूस मेल्यावर सरळ नरकातच जातो, हे मत ते मानायला तयार नव्हते. यावरून १८८० च्या दशकात अमेरिकेत मोठा वाद पेटला आणि रजेवर गेलेल्या ह्यूमांना हिंदुस्थानात परत पाठवायचे की नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. अखेर ते परत आले. हिंदू विचाराशी ख्रिस्ती विचार कुठे जुळतो आणि कुठे नाही, हा त्यांच्या शिकागोतल्या निबंधाचा विषय होता. विवेकानंदांशी त्यांचे पटले नाही, पण वाद घालण्याइतके ते त्यांच्याजवळ गेले होते.

१९०० साली व्हिक्टोरिया राणीने कैसर-इ-हिंद पदक सुरू केले, तेव्हा दुष्काळातल्या कामासाठी सुवर्णपदक मिळालेल्या पहिल्या काही जणांत ह्यूम होते. पुढची वर्षे उभारणीत गेली. नगरच्या सर दिनशा पेटिट औद्योगिक शाळेत मिशन मुलांना हातकाम शिकवत होतेच. चर्चिल नावाचा एक तरुण अमेरिकन अभियंता तिथे येऊन हातमागाच्या सुधारणेच्या मागे लागला आणि त्याच्या मागाला १९०८ साली मद्रासच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. ह्यूम यांची मुलगी रूथ डॉक्टर होऊन नगरला आली आणि तिने बायकामुलांच्या दवाखान्याचे काम उभे केले. १९३९ मध्ये तो साल्व्हेशन आर्मीकडे गेला. नगरकर ज्याला बूथ हॉस्पिटल म्हणतात ते हेच. क्विटोचा मका कोणाच्याही स्मरणात नाही. बूथ हॉस्पिटल मात्र रिक्षावाल्याला पत्ता न सांगता ठाऊक असते.

सरकारनेही धडा घेतला, पण सावकाश. १९०१ च्या पाटबंधारे आयोगानंतर प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचे काम निघाले आणि १९२६ मध्ये ते पुरे झाले. ह्यूमांनी नगर सोडले ते त्याच वर्षी. १९२९ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. प्रवरेकाठी मग ऊस आला, कारखाने आले. कर्जत-जामखेडच्या माळावर पाणी आले नाही.

म्हणून १९७२ साली तेच पुन्हा झाले. या वेळी धान्य मोठ्या प्रमाणावर आणि सरकारी वाटेने आले. अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आजही साठी ओलांडलेल्या कोणालाही आठवते. तिचे नाव काढले की तोंड वाकडे होते. कामावर सुकडी वाटली जाई. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी फोडलेली खडी रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिली.

त्या वेळी नगरमध्ये हर्मन बाखर नावाचे एक स्वित्झर्लंडचे जेझुइट फादर सोशल सेंटर चालवत होते. धान्य वाटून दुष्काळ हटत नाही हे त्यांनी त्या वर्षांत जवळून पाहिले आणि हळूहळू ते माती-पाण्याच्या कामाकडे वळले. पाणलोटाचा कार्यक्रम, जर्मनीची मदत, १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्याबरोबर काढलेली वॉटर ही संस्था, संगमनेर तालुक्यातले दरेवाडी, हे सगळे त्यातून आले. २०२१ मध्ये ते वारले. ह्यूम आणि बाखर यांच्यात पंथाचे, देशाचे, काळाचे अंतर आहे. तरी दोघांनी पाहिलेला जिल्हा एकच होता, आणि बाहेरून आलेले धान्य हंगामभरच पुरते हा दोघांचा अनुभवही.

नगर शहरात ह्यूम यांच्या नावाचे चर्च आहे. त्यापलीकडे त्यांची आठवण नाही, आणि त्यांच्याबरोबर राबलेल्या मराठी मास्तरांची तर मुळीच नाही. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, आणि चौंडी जामखेड तालुक्यात, म्हणजे जिथे पाणी पोचले नाही असे मी वर म्हटले तिथेच. जिल्ह्याच्या दुष्काळांचा एकत्र इतिहास कोणी लिहायला घेतला तर गॅझेटियर आणि इंग्रजी अहवालांवर थांबू नये. १९०० च्या ‘ज्ञानोदया’चे अंक, वडाळा आणि राहुरीच्या जुन्या मंडळ्यांची दप्तरे, शाळांचे हजेरीपट जिथे शिल्लक असतील तिथून ते काढून वाचावेत. कागद जुना झाला आहे आणि वाळवी थांबत नाही. हे काम नगरच्या तरुण अभ्यासकांनी या दहा वर्षांत हाती घ्यावे.